मांडीच्या हाडाची टोकं

रुचा केतकरचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि जपानात तीन वर्षं काढूनही तो तिथून हलला नव्हता. नवरा यतीन बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी तोक्योला आला, मागोमाग ती तिथल्या हिगाशी-कसाई भागात. पुण्यातून एम.फार्म. झालेली ही बाई. २००४ साली तिला योकोहामाच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं ते उंदरांचं मूत्र गोळा करायचं. मिळालं हेच पुष्कळ, असं बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका म्हणायच्या. रुचाला तसं मुळीच वाटत नव्हतं.

औषध हाडांसाठीचं होतं. माग काढता यावा म्हणून त्याला किरणोत्सारी खूण लावलेली. ते उंदराच्या शेपटीत टोचायचं, मूत्र आणि लेंड्या वेगवेगळ्या धरायच्या. बाहेर न पडलेलं औषध हाडांत बसतं, म्हणून शेवटी मांडीच्या हाडातलं औषध मोजून त्यावरून सगळ्या सांगाड्याचा अंदाज काढायचा. शंभर भाग दिले तर जवळपास शंभर सापडायला हवेत. सापडले एकाहत्तर.

"मूत्र सांडलं असणार, रुचा-सान," विभागप्रमुख ओकुदेरा म्हणाला आणि माफीनाम्याचा कागद पुढे सरकवला. त्यावर तिचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. सही नसेल तर मार्चअखेर संपणारं कंत्राट वाढणार नाही, हेही त्याने हसतमुखाने सांगितलं. रुचाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एक थेंबही सांडला नव्हता.

"कर ना सही, इश्यू कशाला करतेस?" रात्री घरी यतीन म्हणाला. "इथे सगळेच देतात लिहून."

"मग तू दे लिहून!"

दुसऱ्या दिवशी ती ओकुदेराच्या हातांकडे बघत राहिली. हाडं तो स्वतः कापायचा. भारी टापटिपीचा माणूस! टोकांना मांस चिकटतं म्हणून दोन्ही टोकं छाटायची आणि मधला स्वच्छ तुकडा मोजायला द्यायचा. पण कोवळ्या उंदराचं हाड वाढतं ते टोकांशीच, आणि औषध सगळ्यात जास्त बसतं तेही तिथेच. हे पुण्यात शिकलेलं असूनही वर्षभर आपण गप्प का बसलो, म्हणून तिला स्वतःचाही संताप आला.

किरणोत्सारी कचरा फेकता येत नाही. छाटलेली टोकं उंदराच्या क्रमांकासह पिशव्यांत गोठवून ठेवलेली होती. रुचाने कुणालाही न विचारता ती काढली, मोजली आणि नव्याने बेरीज केली. शहाण्णव.

ओकुदेराने आकडे दोनदा वाचले. "मग माफीनाम्याची गरज नाही."

"आहे," रुचाने कागद त्याच्याकडे फिरवला. "फक्त नाव बदला."

त्याने तो कागद खणात टाकला. अहवालात शहाण्णव छापले गेले, पद्धतीतली सुधारणा ओकुदेराच्या नावावर. मार्चमध्ये रुचाची नोकरी संपलीच.

शेवटच्या दिवशी सगळे दाराशी रांगेत उभे राहून वाकले. ओकुदेराही वाकला, नेहमीपेक्षा बराच खाली, तिथे माफी मागताना वाकतात तसा, आणि तसाच थांबला. ती काही बोलेल, निदान मान तरी झुकवेल, याची वाट बघत होता. रुचाने बूट चढवले आणि ताठ मानेने स्टेशनचा रस्ता धरला.