खाडीकाठचा परदेशी सल्लागार

"मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

सल्ला द्यायला सातासमुद्रापलीकडून आणलेला माणूस पहिल्याच बैठकीत हे म्हणाला, तेही वहीत उतरवलेल्या मराठीतून. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक दुभाषीची.

दुभाषी मीच. कोपरीहून रोज कोलशेतला जायचे. तिथे इमारती संपून खाडीचा चिखल सुरू होतो, त्या पट्ट्याला आमच्या पालिकेच्या फाइलीत 'अविकसित सीमाभाग' म्हणत. लोकांना फिरायला काठाने लांबलचक काँक्रीटचा कट्टा बांधायचा, हे आधीच ठरलं होतं. सल्लागारांनी फक्त 'छान' म्हणायचं होतं.

हे मात्र पँट दुमडून थेट चिखलात. जाळं विणत बसलेल्या एका कोळी आजीला त्यांनी विचारलं, "पाणी कुठपर्यंत येतं?"

आजी खो खो हसली. "एवरा शिकलास न पानी कलत नाय तुला?" मग उठून तिने स्वतःच्या घराच्या जोत्यावर हात ठेवला. "मोठ्या भरतीला इथवर. कट्टा बांधलास त होड्या कुठून काढू?"

पुढचे चार महिने त्यांचं ऑफिस म्हणजे आजीचा ओटा. मराठीही तिथलीच शिकले. एकदा मोठ्या साहेबांना प्रेमाने म्हणाले, "तू बस रं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं: इथे कट्टा नको, होड्यांची वाट बंद होईल, पाणी घरांत शिरेल. माहिती कुणाची, तर आजीची.

साहेब भडकले. "गावातली म्हातारी सांगते तेच सांगायला परदेशातून माणूस कशाला आणायचा?"

मी घाबरत भाषांतर केलं. ते गंभीरपणे म्हणाले, "अगदी बरोबर. कशाला?"

त्यांची मुदत वाढली नाही. जाताना त्यांनी एकच काम सांगितलं, अहवाल मराठीत करून आजीला दे. मी वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "यो त मीच सांगलेला."

कट्ट्याबद्दलच्या जनसुनावणीत आजी बोलायला उभी राहिली. साहेब म्हणाले, "आजी, हे टेक्निकल आहे, तुम्ही बसा."

आजीने कागद पुढे केला. "मी नाय सांगत. गोरा साहेब सांगतंय."

साहेबांनी चष्मा लावला आणि आजीचं म्हणणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

कट्टा होड्यांच्या अलीकडेच थांबला. संध्याकाळी फिरायला येणारे तिथवर येऊन कुरकुरतात, "पुढे का नाही बांधलं हो?"

आजी जाळ्यातून मान वर न काढता सांगते, "एक गोरा आलेला. लय हुशार. त्याला इचारा."