आईने दाखवलेली बाजू

आमच्या भिंतीवर गेरूची फुली आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशा तोऱ्यात होते. नगरपालिकेने गावाचा नवा आराखडा मांडला होता. त्यातला एक रुंद रस्ता बाजारापासून निघून सरळ आमच्या दोन खोल्यांवरून जात होता. ज्याची हरकत असेल त्याने मुदतीत लेखी द्यावी, असं पालिकेच्या फळ्यावर लावलं होतं.

वडील गेल्यावर आईने शिलाई मशिनीवर उभं केलेलं ते घर. ते गेलं तर आम्ही मायलेकी जाणार कुठे, हे आम्ही एकमेकींना विचारलंसुद्धा नाही. आईने सकाळी उठून फुलीवर चुना फासला. फुली नाही तर रस्ता नाही, असा तिचा हिशोब. दुपारपर्यंत तिला दुसऱ्याच भीतीने धरलं. सरकारी खूण पुसली म्हणून पोलीस आले तर? मग तिने गेरू कालवला आणि आपल्याच भिंतीवर, आपल्याच हाताने पुन्हा फुली काढली. मला हसू आलं.

हरकत मी लिहिली, सही आईने केली. शेजारच्या काकूंनाही मी म्हटलं, तुम्हीही द्या. त्या रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या, आमच्याकडचं सगळं त्यांना ठाऊक असायचं.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घराला कुठं लागून राह्यला रस्ता? आपण होऊन साहेबाच्या नजरंत कशाला यायचं?"

सुनावणीची नोटीस आली त्या दिवशी आई जेवली नाही. तिच्या लेखी हरकत म्हणजे दावा, आणि दावा म्हणजे अंबडचं कोर्ट, जिथे तारखांना हेलपाटे घालून तिचे वडील थकले होते. पालिकेच्या हॉलमध्ये टेबलामागे तीन साहेब बसले होते आणि भिंतीवर मोठा नकाशा होता. नाव पुकारलं गेलं. मी आईचं कोपर धरलं होतं, पण माझीच बोबडी वळली होती. वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मी!

"बाई, रस्ता तर करावाच लागणार," मधले साहेब म्हणाले. अगदी नीट बोलले. "तुमच्याकडून नको, तर कुठून न्यायचा?"

घोकलेलं सगळं आई विसरली. तिने उजवा हात उचलला आणि एका बाजूला केला. कुठूनही न्या, पण इथून नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, पेन्सिलीने काहीतरी टिपलं आणि नोंद घेतली म्हणाले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हात कुणीकडं केला गं तू?"

"मला काय म्हाईत? घाबरून गेल्ते मी."

बरेच महिने काहीच कळलं नाही. मग फळ्यावर दुरुस्त नकाशा लागला. आमचं घर सुटलं होतं. रस्ता बाजूला सरकून काकूंच्या घरावरून गेला होता.

साहेबांनी ते आधीच ठरवलं असेल, सरकार काय तुझ्या हाताच्या इशाऱ्यावर चालतं का, असं मी आईला परोपरीने सांगितलं. मला स्वतःला ते पटत नव्हतं. घर वाचल्याचा आनंद आम्हाला झालाच नाही. काकूंना कळलं तर, या धास्तीने आम्ही संध्याकाळी दार लोटून घेऊ लागलो.

दुरुस्तीवरही हरकती मागवल्या होत्या. एका संध्याकाळी काकूंनी दार ढकललं. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"तुमाला बराबर म्हाईत हाय तिथं कसं बोलायचं," त्या आईला म्हणाल्या. "तुमचं ऐकलं त्यांनी. माझ्यासंगं चला. मला लई भेव वाटून राह्यलं."

आई येते म्हणाली. उजवा हात तिने पदराखाली घेतला होता.