करंगळी कामाला गेली

आमच्या लेकीच्या ओठातून रक्त आलं ते माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल.

चाकणच्या एका कारखान्यात मी तयार झालेले स्टीलचे भाग तपासतो. कापलेल्या कडेला धातूचा बारीक, धारदार कीस राहिला असेल तर भाग परत पाठवायचा. त्या किसाला आमच्याकडं बर म्हणतात. बर दिसली की माझं डोकं फिरतं. कारखान्यातली पोरं मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पहिल्या पाळीची बस चिखलीत पहाटे साडेपाचलाच येते. लेक दीड वर्षाची असताना झोपेत माझं बोट घट्ट धरून ठेवायची. एकदा बस चुकायची वेळ आली, तेव्हा मी बोट हळूच सोडवलं आणि पिशवीतला कामावरचा पांढरा सुती हातमोजा तिच्या मुठीत सरकवला. ती उठली नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढं वर्षभर तो मोजा तिनं सोडला नाही. जेवताना मांडीवर, झोपताना तोंडात. बायको रविवारी तो धुवायची आणि वाळेपर्यंत लेक दोरीखाली बसून राहायची. मग एका रविवारी ओठ फाटला. मी फ्रिजवरचं लोहचुंबक मोज्यावरून फिरवलं, तर विणीत अडकलेले दोन कण त्याला चिकटून आले. कंपनीत केसाएवढी बर पकडणारा मी, आणि माझ्याच घरात ती वर्षभर नांदत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मी नवा कोरा मोजा आणला. लेकीनं तो हुंगला आणि भिरकावला. तेव्हा रागाच्या भरात मी जुना मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती ओकारी येईपर्यंत रडली. शेवटी तीन जिने उतरून घंटागाडीमागं पळालो तो मीच. गाडीवरच्या ताईंनी काही न विचारता मोजा काढून दिला. त्यांचे आभार मानायचे राहिले ते आजतागायत.

आम्ही दोघं कामावर असताना लेक तळमजल्यावरच्या खालांकडं असते. खाला म्हणजे आमच्या शेजारीण. मावशी म्हणावं तसं लेक त्यांना खाला म्हणते, म्हणून आम्हीही. त्यांच्या नवऱ्याचं, चाचांचं, समोरच दुचाक्यांचं गॅरेज आहे. पूर्वी चाचा प्रेस मशीनवर होते. मशीननं त्यांची करंगळी नेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी गॅरेज टाकलं.

खालांनी मोजा पाण्यात उकळला, तीनदा लोहचुंबक फिरवलं आणि म्हणाल्या, "एकदम नका तोडू भाऊ. पोरीनं जीव लावलाय. थोडं थोडं करू."

त्यांनी मोज्याची करंगळी कापली, भोक शिवून टाकलं आणि लेकीला सांगितलं, "करंगळी कामाला गेली." लेकीनं मान डोलावली. कामाला जाणं ही आमच्या घरात रोजचीच गोष्ट. दर आठवड्याला एक बोट कामाला पाठवायचं, पाच आठवड्यांत मोजा संपला. मला हे एकदम पटलं.

त्याच दिवशी पाचच्या सुमाराला मी तिला न्यायला गेलो. ती मोजा घेऊन दारातच उभी होती. "करंगळी आली?"

मी खालांकडं बघितलं. कामाला गेलेलं माणूस पाच वाजता घरी येतं, एवढंच पोरीला माहीत. उद्या येईल असं मी सांगणार होतो. खालांनी समोर गॅरेजात हात पुसत उभ्या असलेल्या चाचांकडं एकदा पाहिलं आणि सुईदोऱ्याचा डबा काढला. त्यात कापलेलं बोट जपून ठेवलेलं होतं.

"आमच्या घरची न्हाई आली," त्या म्हणाल्या, "हिची तरी येऊ द्या." आणि शिवायला बसल्या.

योजना बोंबलली म्हणून मी आधी मनातल्या मनात चिडलो होतो, मग माझीच मला लाज वाटली.

आठ-दहा दिवस खालांनी ते बोट रोज सकाळी उसवलं आणि रोज पाचच्या आत जोडलं. मग म्हणाल्या, "आता सगळा मोजाच कामाला न्या." पुन्हा बर लागू नये म्हणून मी तो वेगळ्या डब्यात घालून न्यायला लागलो. बसमधली पोरं विचारायची, "राव, डब्यात मोजा, मग भाजी कशात?" लेक पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रडली, दुसऱ्या दिवशी थोडं कमी. पण पाच वाजता मोजा हातात पडायलाच हवा. त्याच्याशिवाय ती झोपेल, यावर माझा विश्वास नव्हता.

आणि एक दिवस डबा लॉकरमध्येच राहिला. आठवलं तेव्हा बस कुरुळीच्या पुढं आली होती. खालांचं दार वाजवताना मी कंपनीतल्या साहेबासमोर उभा राहावं तसा उभा होतो.

"मोजा?" लेकीनं विचारलं.

"ओव्हरटाइमला थांबलाय," मी म्हणालो.

तिचा ओठ थरथरला. मग तिनं माझा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि एकेक बोट धरून बघायला लागली. "अंगठा आला," ती म्हणाली. खालांनी शिकवलेली नावं घेत ती पुढं सरकली आणि शेवटी माझी करंगळी मुठीत धरून बराच वेळ उभी राहिली.

"करंगळी आली," तिनं खालांना सांगितलं. "सगळी आली."

खाला समोरच्या गॅरेजाकडं बघत होत्या. "अल्लाचं शुक्र हाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी ती माझं बोट धरून झोपली. मोजा अजून लॉकरमध्येच आहे. पाच वाजता त्या दारात मी आता आधी हात पुढं करतो, आणि सगळी बोटं मोजून होईपर्यंत तिथंच थांबतो.