व्हॅनमधला पलंग

मी व्हॅनचं माप बाहेरून घेतलं आणि पलंग करून आणला. तो अर्थातच आत जाईना. स्वस्तातली जुनी व्हॅन घेऊन, तिच्यातच राहत कोकण फिरायचं ही माझी हौस, पण गाडी चालवता येते ती बायकोला. तिने बजावलं होतं, "रविवारपर्यंत झोपायची सोय झाली तर येईन. नाहीतर मी आपली एसटीने माहेरी."

मग डिलाईल रोडला आमच्या चाळीखालच्या सुतारदादांना गाठलं. हा माणूस टेप वापरत नाही, वितीने मोजतो. ओठांत खिळे धरून बोलतो, त्यामुळे साधी चौकशीही धमकीसारखी वाटते. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपतात आणि कुणाचा कुणाला पाय लागत नाही.

त्यांनी माझ्या पलंगाचे दोन तुकडे करून मध्ये बिजागऱ्या लावल्या. दिवसा बाक, रात्री पलंग, खाली भांड्यांचा कप्पा. मग माझं सामान फुटपाथवर मांडून एकेक वस्तू उचलत विचारलं, "ह्याचं दुसरं काम काय?" घडीचं टेबल, तीन खुर्च्या, बार्बेक्यूची शेगडी. एकाचंही दुसरं काम निघेना. सगळं परत वर गेलं. बादली तेवढी राहिली, कारण पालथी घातली की तिच्यावर बसता येतं.

बायकोने पलंगावर पडून दोन्ही कुशी बदलून पाहिल्या. "येते मी," ती म्हणाली.

मी खुशीत विचारलं, "दादा, आता जास्तीचं काही नाही ना?"

दादांनी ओठांतले खिळे काढले.

"वहिनी, गाडी तुम्ही चालवणार, पलंग मी केला. मग ह्यांना कशाला नेताय?"