ओट्यावर राहिलेला गूळ

शांताचे दात घट्ट बसले होते. अंगाला घाम, हात गार, डोळे उघडे पण बघत कुठेच नव्हते. मी तिचे गाल दाबले, तरी तोंड उघडेना.

"शांते, तोंड उघड."

"चंद्र..." ती दातांतूनच बोलली. "चंद्र नाय निघाला अजून, बाई."

समोर समुद्र, खडकावर बालीतलं देऊळ, मागे मावळता सूर्य. माणसं त्याचे फोटो काढत होती, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. आमची नात पिंकी त्या गर्दीत कुठेतरी पुढे गेलेली. माझा फोन तिथे चालत नव्हता. हाका मारल्या, पण लाटांपुढे म्हातारीचा आवाज किती पोचणार? पिशवी उपडी केली. पाण्याची बाटली, पानाचा डबा आणि शांताच्या गोळ्या. गोड म्हणून काही नाही.

गोड का नव्हतं, ते नाशिकपासून सांगावं लागेल.

शांता माझी धाकटी जाऊ. एकाच मळ्यात झेंडू आणि शेवंती तोडत दोघी म्हाताऱ्या झालो. नवरे दोघींचेही गेले. पिंकी शांताच्या मुलाची मुलगी. नोकरी लागल्यावर म्हणाली, "तुम्हा दोघींना विमानानं परदेशात नेते." मी जागेवर हो म्हणाले. शांता म्हणाली, देवाला विचारते. देव दुसऱ्या दिवशी तयार झाला.

बाली हे समुद्रातलं बेट आहे, बारा महिने उकाडा असतो आणि तिथली माणसंही देवळं बांधतात, एवढं पिंकीनं सांगितलं. पासपोर्टच्या ऑफिसात माझ्या बोटांचे ठसे उमटेनात. तिथली पोरगी म्हणाली, "आजी, हात धुऊन या." मी म्हणाले, "धुतलेलेच आहेत. झिजलेत." उमटले शेवटी.

मग सामान बांधायला सुरुवात झाली. एवढी मजा मला लग्नाच्या बस्त्यातही आली नव्हती. पिंकीनं मेन रोडवरून चाकांच्या बॅगा आणल्या. शांता तिची बॅग रोज संध्याकाळी अंगणात ओढून बघायची आणि कुत्री तिच्यावर भुंकायची.

"मोठी आजी, नऊवारी नका घेऊ, गाऊन घ्या," पिंकी म्हणाली. "तिकडं लय घाम येतो."

"मग इथं मळ्यात काय एसी लावलाय?"

नऊवारी घेतल्या, सुती. पिंकीनं उन्हाचं मलम आणलं, ते मी तिलाच परत दिलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, एवढं घेतलं. आणि गूळ. शांताला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. गोळी घेतली की जेवायचं, आणि गोड कायम जवळ ठेवायचं, कारण साखर एकदम उतरली तर माणूस हातचं जातं. म्हणून गुळाचा खडा फडक्यात बांधून हातातल्या पिशवीत मी स्वतः सगळ्यात वर ठेवला.

मुंबईच्या विमानतळावर तीच पिशवी मशिनमधून गेली आणि अडकली. साहेबानं आत हात घालून शेंडीचा नारळ बाहेर काढला.

"अम्मा, नारियल इसमें नहीं चलेगा."

"देवाचा हाय तो," शांता म्हणाली.

"आजी, तिकडं नारळाचीच झाडं हायेत गं!" पिंकी कळवळून म्हणाली.

"तिकडचा नारळ आपल्या देवाला वळखू येईल का?"

साहेबानं नारळ बाजूला ठेवला. मी पिशवी चाचपली. "गूळ कुठंय?"

"ओट्यावर ठेवला," शांता म्हणाली. "दोन्ही बसंनात. गूळ काय, कुठंबी मिळतो."

म्हणजे गूळही नाही आणि नारळही नाही. मी तिला तिथेच चार शब्द ऐकवले. पिंकीनं पळत जाऊन बिस्किटांचा पुडा आणला आणि पिशवीत टाकला.

विमान वर चढताना शांतानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तिकिटाचं वसूल करायचं होतं.

बालीत उतरलो तर दमट गरम हवा अंगावर आली, पावसाळ्यात गोठ्यात शिरल्यासारखी. पण तिला वास चाफ्याचा. वायान नावाचा गाडीवाला घ्यायला आला होता. त्यानं हात जोडले आणि आमच्या नऊवारीकडे बघत राहिला. तिथले बाप्येही देवळात लुंगी गुंडाळतात, त्यामुळे त्याला कौतुकच वाटलं.

सकाळी बाजारात गेलो आणि मी थांबलेच. झेंडू! टोपल्याच्या टोपल्या. त्याला ते गुमितिर (झेंडू) म्हणतात. मी एक फूल उचलून दाबून पाहिलं. भरीव होतं, पण आमच्यापेक्षा लहान. पंचवटीच्या बाजारात याला दुसऱ्या नंबरचा माल म्हणाले असते. शांता म्हणाली, "बाई, हितं तरी फुलांचं सोड." पण तीही प्रत्येक टोपलीत हात घालत होती.

हा सगळा झेंडू जातो कुठे, तेही कळलं. प्रत्येक दारात, पायरीवर, गाडीवरसुद्धा चनांग (पानाच्या चौकोनी द्रोणातला नैवेद्य) ठेवलेला. त्यात फुलं, भाताची शितं, उदबत्ती, कधी बिस्किट, कधी लिमलेटची गोळी. चालताना पाय जपून टाकावा लागतो.

जेवायला नासी (भात) आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या). मला आवडल्या. शांता म्हणायची, तेलाचा काय भरवसा, आणि भात-केळ्यावर राहायची. माकडांच्या जंगलात एका माकडानं माझ्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि माझ्यासमोर बसून फोडला. आम्ही इतक्या हसलो की नवा पुडा घ्यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती.

शांतानं घरून येताना पंचांग बघून चंद्रोदयाची वेळ पाठ केली होती. पिंकी म्हणाली, "आजी, इथलं घड्याळ पुढं आहे. इथला चंद्र निघाला की सोड उपास."

"उपास नाशिकच्या पंचांगाचा, मंग चंद्रबी नाशिकचाच," शांता म्हणाली.

दिवसभर तिनं बिनसाखरेच्या कोऱ्या चहाशिवाय काही घेतलं नाही. आणि साखरेच्या आजाराची गोळी मात्र घेतली. ती गोळी अन्न नव्हे, तिनं उपास मोडत नाही, असं तिचं म्हणणं. आम्हाला सांगितलंही नाही.

आणि संध्याकाळी ती त्या दगडी बाकावर कोसळली.

बाकाच्या पायथ्याशी एक चनांग होता. झेंडूच्या पाकळ्यांत लिमलेटची हिरवी गोळी. एक बाई नुकतीच तो ठेवून, उदबत्ती लावून पुढच्या दगडाकडे गेली होती. मी वाकले आणि गोळी उचलली. त्या बाईनं वळून बघितलं. आता ओरडेल असं वाटलं. ओरडू दे म्हटलं आणि कागद सोडला. पण शांता दात सोडेना.

"शांते, हा प्रसाद हाय. देवापुढचा. प्रसादाला नाय म्हणतेस?"

तिचे ओठ हलले. "कोणचा देव?"

"गणपती. उघड."

तिनं तोंड उघडलं. आयुष्यात तिनं प्रसादाला नाही म्हटलेलं नाही. मी गोळी दातांनी फोडून तुकडे तिच्या गालात सारले.

ती बाई ओरडली नाही. शांताचा हात धरून बघितला, आणि परकर वर खोचून दुकानांकडे पळत सुटली. आली ती गुला मेराह (माडाचा तांबडा गूळ) घेऊन. दोघींनी मिळून चिमूट चिमूट शांताला चाटवला. बाई माझ्याशी बोलत होती, मी तिच्याशी. एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि काही अडतही नव्हतं.

हळूहळू हाताला ऊब आली. शांतानं माझ्याकडे नीट बघितलं.

"उपास मोडला का गं, बाई?"

"मोडला. मी मोडला. देवाला माझं नाव सांग."

"सांगनारच हाय," ती म्हणाली, आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

पिंकी आणि वायान आले, मग डॉक्टर झाला, इंजेक्शन झालं, पिंकीचं रडणं झालं. हॉटेलात आल्यावर शांतानं दोन वाट्या भात खाल्ला. चंद्र निघाला तेव्हा ती घोरत होती.

दुसऱ्या दिवशी वायाननं पिंकीला सांगितलं आणि पिंकीनं मला, की देवाचे नैवेद्य वर ठेवतात. जमिनीवरचे भुताखेतांसाठी असतात, त्यांनी त्रास देऊ नये म्हणून. शांताला हे कुणी सांगितलेलं नाही. ती वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

राहिलेले दिवस आम्ही सोडले नाहीत. भाताच्या पायऱ्या पायऱ्यांच्या शेतात हिंडलो, समुद्रात गुडघ्यापर्यंत गेलो, नऊवारी भिजवली. गूळ मी कमरेला बांधून हिंडले. तो गूळ चांगला असतो, जरा धुरकट लागतो.

नाशिकला घर उघडलं तर ओट्यावर फडकं होतं आणि मुंग्यांची रांग खिडकीपर्यंत गेली होती. खडा निम्मा संपला होता. शांतानं तो झटकला, डब्यात भरला आणि चहा ठेवला.

कप तीन लागले. शांता, पिंकी आणि मी.