डेस्कवरच्या काकू

"आयडी दाखव," काकू म्हणायच्या. रोज दोनदा बघितलेल्या माणसालाही. मग कार्डावरच्या फोटोकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने बघून निकाल द्यायच्या, "फोटोत बरी दिसतेस."

मिशिगनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या एका जुन्या वसतिगृहात त्या फ्रंट डेस्क सांभाळायच्या. मूळच्या नागपूरच्या. नवरा गेल्यावर जवळच्याच नोव्हाय गावात मुलाकडे आल्या, घरी बसून कंटाळल्या आणि ही नोकरी धरली. मी तिथे मास्टर्स करता करता तिसऱ्या मजल्याची रेसिडेंट असिस्टंट होते, म्हणजे चाळीस मुलींच्या सुखदुःखाची अधिकृत जबाबदार. ती जबाबदारी मी पोस्टरं चिकटवून पार पाडायचे. 'तू एकटी नाहीस' अशी सहा लावली होती.

लॉबीत वसतिगृहाचा इतिहास फ्रेम करून टांगला होता. कोणत्या देणगीदाराने कोणता जिना दिला, वगैरे. टोस्टरवर पापड भाजून, आगीचा अलार्म वाजवून अख्खी इमारत बर्फात कोणी उभी केली, हा इतिहास मात्र काकूंकडेच मिळायचा.

तीनशे बारामधली नाशिकची मुलगी दर आठवड्याला किल्ली खोलीत विसरायची आणि काकूंचं प्रवचन ऐकून दुसरी घेऊन जायची. फेब्रुवारीतल्या एका दुपारी काकूंनी मला हाक मारली.

"तीनशे बारा दोन आठवडे किल्ली विसरली नाही. सुधारली की काय?"

मी म्हटलं, मिडटर्म्स आहेत, बिझी असेल.

काकू उठल्या. डेस्क सोडायचं नाही आणि मास्टर किल्लीला हात लावायचा नाही, हे दोन्ही नियम त्यांनी एका मिनिटात मोडले. वर जाऊन दार वाजवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा उघडलं.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन विषयांत नापास झालेली, घरी सांगितलेलं नाही, किती दिवस नीट जेवलेली नाही, हे सगळं नंतर कळलं. काकूंनी काही विचारलं नाही.

"ऊठ, तोंड धू. मला एकटीला डबा खायचा कंटाळा आलाय."

तेव्हा ती रडली. मी दारात, माझ्याच एका पोस्टरशेजारी उभी होते.

मुलगी सावरली. समुपदेशकाकडे गेली, घरी फोन केला. ऑफिसने काकूंना पत्र दिलं. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या आस्थेबद्दल आभार, दुसऱ्यात नियमभंगाबद्दल नोकरीवरून कमी. कागद वाचवला. आता तिथली दारं फोनवर उघडतात आणि डेस्कवर कुंडी आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी काकूंना बसपर्यंत सोडायला गेलो. बर्फ भुरभुरत होता. बस निघाली तेव्हा नाशिकची मुलगी रडत होती, आणि काकू काचेआडून तिला खुणेने सांगत होत्या, जॅकेटची चेन वर ओढ.