मनावरचा मार

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात हैदराबादहून दोन मैत्रिणी घेऊन घरी आली. दुपारभर तिघी बैठकीत फासे टाकत बसायच्या. खेळ जादूचा. एकजण गोष्ट सांगते, बाकीचे राक्षसांशी लढतात. एक गडी कमी पडत होता म्हणून मला बसवलं. मी म्हटलं, आधी समजावून सांग.

"आजी, मार सगळा सारखा नसते," नात म्हणाली. "तलवारीचा मार चिलखत अडवते. आगीचा, थंडीचा, विषाचा मार चिलखताले जुमानत नाही. आन् समोर कोण हाये तेही पाहा लागते. हाडाच्या सापळ्याले विष लागत नाही. बर्फाच्या राक्षसाले आग दुप्पट लागते. ज्याले एखाद्या माराची सवय झाली, त्याले तो अर्धाच लागते."

"बोंडअळीवानी," मी म्हटलं. "तेच ते औषध फवारलं का अळीले सवय होते. मंग नाही मरत."

पोरींना ते फार आवडलं. आजी हुशार आहे, म्हणाल्या. मी फुगले.

मी मनावरचा मार निवडला. त्यात हत्यार नाही, रक्त नाही. टोमणा मारायचा, की समोरच्याचं बळ कमी होतं. पण टोमणा खरोखर बोलून दाखवायचा, असा नातीचा नियम. माझ्यासमोर गुहेतली राक्षसीण होती.

मला विचार करावा लागला नाही. "तुह्या मायनं तुले नुसतं खायालेच शिकवलं का वं? हाताले काई वळण हाये का नाही?"

मैत्रिणी हसून लोळल्या. फासा चांगला पडला, राक्षसीण मेली. नात हसली नाही. ती दाराकडे पाहत होती. तिथे सून पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती.

ते वाक्य सुनेच्या वाट्याचं होतं. ती भीमपूरहून लग्न होऊन आली तेव्हापासून, भाजी खारट झाली की, दूध उतू गेलं की, मी तिला तेच ऐकवत आले. तिची माय गेल्या दिवाळीत वारली. त्यानंतरही मी वाक्य बदललं नव्हतं.

"आई, ते खेळातलं हाये," नात म्हणाली.

"ऐकलं मी. अळीचंबी ऐकलं." सुनेने बश्या ठेवल्या. माझ्या बशीतले शेंगदाणे काढलेले होते, मला दात नाहीत म्हणून. "मले आता अर्धंच लागते, आत्याबाई."

आवाज चढवला नाही. रडलीही नाही. परक्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. माझे कान तापले.

पुन्हा माझी पाळी आली.

"आजी, कोणता टोमणा?" एका मैत्रिणीने विचारलं.

टोमणे माझ्याकडे पुष्कळ होते. सगळे सुनेच्याच वाट्याचे.

"मले तलवार दे," मी म्हटलं.

सून तिथेच उभी होती, मी खाते की नाही ते बघत. मी मान खाली घालून बशी संपवली.